दादासाहेब खापर्डे आणि विलायतेतील अपील

ऑगस्ट महिन्याची २७ तारीख या शहराच्या न्यायजीवनात महत्त्वाची आहे. १९८१ साली याच दिवशी मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ येथे बसू लागले, आणि मराठवाड्यातील पक्षकाराची मुंबईची वारी चुकली. योगायोग असा की, १८५४ साली याच तारखेस वऱ्हाडात गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा जन्म झाला. तारखांच्या योगायोगास आम्ही फारसे महत्त्व देत नाही. परंतु खापर्डे यांच्या आयुष्याचा आणि या शहराचा संबंध केवळ तारखेपुरता नाही. १९०१ सालच्या उन्हाळ्याच्या अखेरीस ते औरंगाबादेस काही दिवसांसाठी आले. त्या मुक्कामात जे घडले त्याचा निकाल लागावयास जवळजवळ चौदा वर्षे लागली, आणि तो निकाल लंडनमध्ये लागला. कायद्याच्या ग्रंथांत या शहराचे नाव त्या निकालाने कायमचे नोंदले गेले आहे. ज्या पिढीने प्रिव्ही कौन्सिलचे नाव केवळ पुस्तकांत वाचले, तिला ही हकीकत ठाऊक असावी, आणि तीतील या वकिलाचे चरित्रही ठाऊक असावे, म्हणून हे स्मरण.

प्रिव्ही कौन्सिल म्हणजे काय होते, हे आज थोडे समजावून सांगावे लागते. हिंदुस्थानातील हायकोर्टांवर ब्रिटिश अमदानीत बहुतेक काळ या देशात दुसरे न्यायालय नव्हते. हायकोर्टाचा निकाल मान्य नसेल त्याने इंग्लंडच्या राजाकडे दाद मागावयाची. राजा ती आपल्या प्रिव्ही कौन्सिलच्या ज्युडिशियल कमिटीकडे सोपवीत असे. ही कमिटी १८३३ च्या कायद्याने स्थापन झाली होती आणि तिच्या बैठका लंडनमध्ये डाउनिंग स्ट्रीटवर होत. न्यायमूर्ती तेथे निकाल देत नसत, तर राजास सल्ला देत. सल्ला एकमुखी असे आणि राजाने तो मान्य केला की हुकूम निघे. खटल्याचे सर्व कागद भाषांतरित होऊन, छापले जाऊन समुद्रापार जात. लंडनचा सॉलिसिटर ते हाती घेई, बॅरिस्टर उभा राहून युक्तिवाद करी, आणि हिंदुस्थानातील वकिलाने त्या दोघांस इकडच्या चालीरीती, इकडची नाती आणि इकडची माणसे समजावून द्यावयाची. निजामाच्या संस्थानात मात्र या कोर्टाचा अधिकार चालत नसे. औरंगाबादच्या दाव्यांचा शेवट हैदराबादेस होई. तरीही औरंगाबादेत घडलेल्या एका घटनेचा खरेखोटेपणा लंडनने ठरविला, ही या प्रकरणाची विशेष गोष्ट होय.

दादासाहेबांचा जन्म झाला त्याच्या आदल्याच वर्षी, १८५३ च्या तहाने, वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला होता. वडील श्रीकृष्णपंत गरिबीतून वर येऊन सरकारी नोकरीत चढले होते. मुलाचे शिक्षण नागपूर, अमरावती आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. संस्कृताचा व्यासंग त्याच काळातला. १८७७ साली ते बी. ए. झाले आणि १८८४ साली त्यांनी एल्एल्. बी. ची पदवी घेतली. नंतर वऱ्हाडात मुन्सफ आणि असिस्टंट कमिशनर या जागांवर त्यांनी काही वर्षे काढली. परंतु सार्वजनिक कार्याची ओढ असलेल्या माणसास सरकारी चाकोरी मानवण्यासारखी नव्हती. १८९० साली नोकरी सोडून त्यांनी अमरावतीस वकिली सुरू केली.

वकिली चालली आणि उत्तम चालली. भाषेवर प्रभुत्व, विनोदाची धार, समोरच्या माणसाची पारख आणि निर्भय वृत्ती, असे फर्ड्या वकिलाचे सारे गुण त्यांच्या ठायी होते. पैसा आला तसा तो गेलाही. घरी येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ, गाण्याबजावण्याच्या बैठका, नाटकमंडळ्यांना आश्रय आणि मागणाऱ्यास नाही न म्हणण्याची सवय यांमुळे लोक त्यांना वऱ्हाडचे नबाब म्हणू लागले. १९०५ साली मुंबईस पहिले नाट्यसंमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थान त्यांच्याकडेच आले. त्याआधी १८९७ साली अमरावतीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन झाले, त्याच्या स्वागतमंडळाचे अध्यक्ष तेच होते. त्या अधिवेशनाच्या वेळी त्यांचे परममित्र लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या आरोपाखाली दीड वर्षाची सजा भोगीत होते. टिळकांच्या वतीने त्या वर्षी विलायतेत प्रिव्ही कौन्सिलकडे अर्ज गेला होता. पुढे इंग्लंडचे मुख्य प्रधान झालेले अॅस्क्विथ यांनी तो चालविला; पण अपिलास परवानगी मिळाली नाही. फौजदारी प्रकरणांत लंडनचा दरवाजा किती घट्ट बंद असतो, याचा पहिला अनुभव टिळकपक्षास तेव्हा आला.

त्याच १८९७ च्या ऑगस्टमध्ये, टिळक नुकतेच जामिनावर सुटले असता, पुण्यातील एक सरदार श्री बाबामहाराज पंडित यांचा महामारीने अंत झाला. मरणसमयी त्यांनी मृत्युपत्र केले आणि इस्टेटीच्या व्यवस्थेचा भार ज्या मंडळींवर टाकला, त्यांत टिळक आणि खापर्डे होते. मागे राहिलेली पत्नी ताईमहाराज ही अवघी पंधरा-सोळा वर्षांची होती. तिला पुढे मुलगा झाला. तो थोड्याच दिवसांत दगावला. वंश चालविण्यासाठी दत्तक घेणे प्राप्त झाले. इस्टेटीवर कर्ज होते, आणि कोणत्या शाखेतील मुलगा घ्यावा याविषयी नात्यातील लोकांचे हितसंबंध गुंतले होते. विश्वस्तांच्या मते घराण्याची निधोने शाखा, जी औरंगाबाद बाजूस होती, तीतून मुलगा घेणे योग्य होते. जून १९०१ मध्ये ताईमहाराजांस घेऊन टिळक, खापर्डे आणि इतर मंडळी औरंगाबादेस आली. मनमाडहून येणारा लोहमार्ग तेव्हा नुकताच सुरू झाला होता. येथे मुलाची निवड झाली, आणि जगन्नाथ नावाचा मुलगा देण्याघेण्याचा विधी झाला. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तविधानाचा आत्मा म्हणजे हे देणे आणि घेणे. बाकीचे विधी त्याच्या अनुषंगाने येतात.

मंडळी पुण्यास परतली आणि वारे फिरले. कोल्हापूरकडील शाखेतील मुलगा दत्तक घ्यावा असे ज्यांच्या हिताचे होते, त्यांनी ताईमहाराजांचे मन वळविले. औरंगाबादेस दत्तविधान झालेच नाही असे त्या बाजूचे म्हणणे पडले. जुलैमध्ये विश्वस्तांचे प्रोबेट रद्द करावे असा अर्ज पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांपुढे आला, आणि ऑगस्टमध्ये कोल्हापुरास दुसरे दत्तक झाले. जिल्हा न्यायाधीश अॅस्टन यांनी एप्रिल १९०२ मध्ये प्रोबेट तर रद्द केलेच, शिवाय टिळकांवर खोटी साक्ष आणि बनावट कागद यांसारख्या आरोपांखाली फौजदारी खटला चालविण्याचा हुकूम केला. ऑगस्ट १९०३ मध्ये मॅजिस्ट्रेटने टिळकांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड ठोठावला. सेशन्स जज्जाने ती शिक्षा सहा महिन्यांवर आणली. आणि मार्च १९०४ मध्ये सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील हायकोर्टाने त्यांस पूर्ण निर्दोष सोडले. फौजदारीचे संकट टळले. पण दिवाणी प्रश्न, म्हणजे औरंगाबादेस दत्तविधान झाले की नाही हा प्रश्न, शिल्लकच होता.

या ठिकाणी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या साऱ्या कागदपत्रांत ताईमहाराजांचे नाव पानोपानी आहे. पण तिचे मन कोणी विचारले असे दिसत नाही. एका बाजूचे पुरुष तिला औरंगाबादेस नेतात, दुसऱ्या बाजूचे कोल्हापुरास. कायद्याने दत्तक घेण्याचा अधिकार तिच्याकडे होता, आणि तो अधिकार वापरण्याइतके वय, शिक्षण आणि स्वातंत्र्य समाजाने तिला दिले नव्हते. खटला चालू असतानाच १९०३ साली तिचा अंत झाला. लोकमान्यांविषयी आणि दादासाहेबांविषयी आदर बाळगूनही, या प्रकरणातील खरी अनाथ व्यक्ती कोण होती हे विसरता कामा नये.

दिवाणी दाव्याचा निकाल पुण्याच्या सबजज्जाने जुलै १९०६ मध्ये जगन्नाथमहाराजांच्या बाजूने दिला. प्रतिपक्ष हायकोर्टात गेला. ते अपील तेथे पडून असतानाच टिळकांवर दुसरे आणि फार मोठे अरिष्ट कोसळले. २२ जुलै १९०८ रोजी न्यायमूर्ती दावर यांनी त्यांस सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. सारा देश सुन्न झाला. सभा झाल्या, गिरण्या बंद पडल्या, अश्रू ढाळले गेले. दादासाहेबांनी मात्र कायद्याच्या माणसाला जे सुचावे ते केले. सुरत येथील राष्ट्रीय सभेच्या दुफळीत टिळकांच्या बाजूने उभे राहिल्यामुळे सरकारच्या नजरेत ते आधीच सलत होते. त्याची पर्वा न करता, टिळकांचे अपील प्रिव्ही कौन्सिलपुढे नेण्यासाठी ऑगस्ट १९०८ मध्ये त्यांनी विलायतेची बोट धरली. तेव्हा ते सुमारे चोपन्न वर्षांचे होते.

ही गोष्ट बोलावयास सोपी आहे. वकिली हा असा व्यवसाय आहे की, माणूस कोर्टात उभा असेल तोपर्यंतच अशील त्याचा असतो. दोन वर्षे गैरहजर राहणाऱ्या वकिलाचे कागद दुसऱ्याच्या टेबलावर जातात. नबाबी खर्चाचे घर मागे टाकून, मिळकतीचा ओघ तोडून, परक्या हवेत, परक्या अन्नावर, परक्या सॉलिसिटरांच्या पायऱ्या झिजवीत राहणे हा त्याग तुरुंगवासासारखा दिसत नाही आणि त्याची मिरवणूकही निघत नाही. साताऱ्याचे वकील दादासाहेब करंदीकर हेही याच कामासाठी विलायतेस गेले होते. टिळकांच्या लौकिकाच्या तेजात या दोघा वकिलांचे परिश्रम लोकांच्या नजरेआड राहिले.

अपिलाचे काय झाले? जे १८९७ साली झाले तेच झाले. फौजदारी निकालाविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याचा हक्क नव्हता. खास परवानगी मागावी लागे. आणि कमिटीचे धोरण १८८७ च्या डिलेट प्रकरणापासून ठरून गेले होते. न्यायाच्या पद्धतीचा ढळढळीत भंग झाला असेल, नैसर्गिक न्यायाची पायमल्ली होऊन घोर अन्याय झाला असेल, तरच हात घालावयाचा. ज्यूरीने पुरावा नीट तोलला की नाही हे पाहावयाचे नाही. मराठी लेखांवरून बसविलेल्या आरोपात बहुसंख्य ज्यूरर मराठी न जाणणारे असले, तरी तेवढ्याने कमिटीचा नियम हलला नाही. परवानगी नाकारण्यात आली. खापर्डे त्यावर परतले नाहीत. कोर्टाचे दार बंद झाल्यावर टिळकांची सुटका व्हावी म्हणून अर्ज, भेटीगाठी आणि लोकमत जागे करणे हे मार्ग त्यांनी चोखाळले. दोन वर्षांहून अधिक काळ असा गेल्यावर ते ऑक्टोबर १९१० मध्ये रंगूनच्या वाटेने परत आले. वाट वाकडी करण्याचे कारण एकच होते. मंडालेच्या तुरुंगात जाऊन त्यांनी आपल्या मित्राची भेट घेतली. जिंकलेल्या खटल्याची बातमी अशिलाला कोणीही वकील कळवितो. हरलेल्या अपिलानंतर हजार कोसांचा वळसा घेऊन अशिलाला तोंड दाखविणारा वकील विरळा.

नियतीचा खेळ पाहा. ज्या वर्षी दादासाहेब रिक्तहस्त परतले, त्याच १९१० साली मुंबई हायकोर्टाने ताईमहाराज प्रकरणाचा दिवाणी निकाल फिरविला. औरंगाबादेस दत्तविधान झाले, असे शपथेवर सांगणारे टिळक, खापर्डे आणि इतर साक्षीदार अविश्वसनीय ठरविण्यात आले. म्हणजे टिळक मंडालेत, आणि दादासाहेब विलायतेची वारी करून आलेले, अशा वेळी दोघांच्या नावावर खोट्या साक्षीचा कलंक लागला. वकिलाच्या आयुष्यात पैसा, अशील, मानमरातब ही येतात आणि जातात. पण त्याचा शब्द कोर्टाने खोटा मानला तर उरते काय? त्यानंतरच्या वर्षांत दादासाहेबांचा ओढा अध्यात्माकडे वाढला. डिसेंबर १९१० मध्ये ते प्रथम शिर्डीस साईबाबांच्या दर्शनास गेले, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीपासून मार्च १९१२ पर्यंत तर तेथेच राहिले. भरसभेत गर्जणारा हा वक्ता त्या मुक्कामात बहुधा शांत बसून राही. त्या दिवसांची त्यांची दैनंदिनी आजही भाविकांच्या वाचनात आहे.

मग पुन्हा तेच लंडन आणि तेच कोर्ट. या वेळी प्रश्न मालमत्तेचा होता, म्हणून दरवाजा उघडा होता. २६ मार्च १९१५ रोजी लॉर्ड शॉ यांनी वाचलेल्या निकालपत्राने हायकोर्टाचा निर्णय रद्द होऊन सबजज्जाचा निर्णय पुन्हा कायम झाला. जून १९०१ मध्ये औरंगाबादेस जगन्नाथाचे दत्तविधान खरोखर झाले होते, हे शेवटच्या न्यायपीठाने मान्य केले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रतिष्ठित साक्षीदारांनी कट करून खोटी शपथ घेतली असे मानावयाचे असेल, तर तसा प्रश्न साक्षीच्या वेळी त्यांना स्पष्ट विचारला गेला पाहिजे, त्यांस उत्तराची संधी मिळाली पाहिजे, असे तत्त्व त्या निकालाने ठळकपणे मांडले. इंडियन अपील्स या निकालसंग्रहाच्या ४२ व्या खंडात हा निकाल आहे. साक्षीदाराची उलटतपासणी न करता त्याला मागाहून लबाड ठरवू नये, हे सांगताना आजचे वकीलही त्याचा आधार घेतात. एका खाजगी भांडणातून प्रत्येक साक्षीदाराच्या अब्रूचे रक्षण करणारा नियम या देशाच्या कायद्यात दृढ झाला, आणि त्याची मूळ घटना या शहरात घडली होती.

या दोन अपिलांची तुलना केल्याखेरीज दादासाहेबांच्या चरित्राचा अर्थ पुरता उमगणार नाही. कोर्ट एकच. पहिल्या प्रसंगी एका माणसाची सहा वर्षे पणास लागली होती. त्याला कोर्टाने आत घेतले नाही. दुसऱ्या प्रसंगी एका सरदाराची इस्टेट पणास लागली होती. तिच्यासाठी कागदाचा प्रत्येक तुकडा तपासला गेला. दिवाणी दाव्याची किंमत दहा हजार रुपये असली म्हणजे प्रिव्ही कौन्सिलची वाट मोकळी होण्याची मुख्य अट पुरी होत असे. माणसाच्या स्वातंत्र्यास मात्र तशी किंमत लावलेली नव्हती. त्या न्यायमूर्तींच्या विद्वत्तेविषयी आम्हांस शंका नाही. पुण्याच्या आणि मुंबईच्या राजकीय हवेपासून दूर असल्यामुळेच १९१५ साली त्यांना पुरावा निवळ दृष्टीने वाचता आला, हेही आम्ही मान्य करतो. परंतु न्याय ज्यास हवा त्याने सात समुद्र ओलांडावे, आणि ओलांडूनही मालमत्तेला आधी व माणसाला नंतर, किंबहुना मुळीच नाही, असे उत्तर मिळावे, ही व्यवस्था कितीही विद्वान असली तरी ती परक्या सत्तेची व्यवस्था होती.

दादासाहेब पुढे तेवीस वर्षे जगले. होमरूलच्या चळवळीत ते टिळकांबरोबर होते. १९१९ साली राजकीय सुधारणांच्या वाटाघाटींसाठी ते पुन्हा इंग्लंडला गेले. दिल्लीच्या कायदेमंडळात, आणि नंतर कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, त्यांचा आवाज घुमला. १९२० साली टिळक गेल्यावर असहकाराचा नवा मार्ग त्यांना पटला नाही. लोकप्रवाह कुठे चालला आहे हे दिसत असतानाही त्यांनी आपले मत बदलले नाही, आणि त्याची किंमत एकाकीपणाच्या रूपाने दिली. १ जुलै १९३८ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांनी वर्षानुवर्षे लिहिलेल्या दैनंदिन्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. महाराष्ट्राच्या राजकारणाचा आणि वकिली पेशाचा तो अनमोल ठेवा आहे. त्यांचे विस्तृत आणि साक्षेपी संपादन होणे हे आमच्या विद्यापीठांचे काम आहे.

प्रिव्ही कौन्सिलचा हिंदुस्थानावरील अधिकार १० ऑक्टोबर १९४९ रोजी संपला, आणि २६ जानेवारी १९५० पासून अखेरचे न्यायपीठ दिल्लीस आले. संविधानाने काही फौजदारी प्रकरणांत अपिलाचा हक्क दिला, १३६ व्या अनुच्छेदाने खास परवानगीचे दार अधिक रुंद केले, आणि दिवाणी अपिलांतील रकमेची अट १९७२ च्या घटनादुरुस्तीने काढून टाकली. मालमत्तेला आधी आणि माणसाला नंतर, हा क्रम निदान कागदावर तरी मोडला. खंडपीठ या शहरात आले, १९८४ साली ते कायम झाले. आणि ज्या कोल्हापूरने या प्रकरणात दुसरा दत्तक दिला, तेथेही ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचे सर्किट बेंच बसू लागले. अंतर कमी झाले यात संशय नाही.

परंतु अंतर केवळ कोसांनी मोजावयाचे नसते. १९०१ साली मांडीवर दिलेला मुलगा आपला हक्क ठरेपर्यंत तारुण्यात आला होता. आजही बापाने घातलेला दावा मुलगा चालवितो, आणि त्याला लंडनला जावे लागत नाही एवढ्यावर समाधान मानावे अशी वेळ त्याच्यावर येते. गंगापूर-वैजापूरच्या शेतकऱ्याला दिल्लीच्या वकिलाची फी ऐकूनच अपिलाची इच्छा सोडावी लागत असेल, तर त्याच्या दृष्टीने डाउनिंग स्ट्रीट आणि दिल्ली यांत फरक तो किती? न्यायालये जवळ आणणे हे सरकारचे काम आहे आणि ते त्याने करीत राहिले पाहिजे. पण कोर्टाच्या इमारतीइतकाच दुसऱ्याही एका गोष्टीचा तुटवडा आहे. अपील हरेल हे ठाऊक असूनही ते शेवटपर्यंत लढविणारा, अशील अडचणीत असताना त्याचे कागद बाजूस न सारणारा आणि हरल्यावर वाट वाकडी करून त्याला भेटावयास जाणारा वकील कायद्याने निर्माण करता येत नाही. खंडपीठाच्या आवारात रोज शेकडो तरुण वकील काळा कोट घालून येतात. त्यांच्यापैकी काहींना तरी दादासाहेब खापर्डे यांच्या जिंकलेल्या साक्षीपेक्षा त्यांचे हरलेले अपील अधिक मोलाचे वाटो, एवढीच या दिवशी आमची अपेक्षा आहे.